शुक्रवारपर्यंत सगळे मोकळे!

माणूस नुसता दारातून आत आला तरी त्याच्या चपलांच्या आवाजावरून मी त्याचा ताण ओळखतो! हसू नका. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. जाड पुठ्ठ्यासारखा कागद, सोनेरी कडा, खाली दोन-दोन सह्या! त्यावर मधोमध ग्रीसचा एक काळा पट्टा आहे, पण त्याची गोष्ट पुढे येईलच.

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागाचा मॅनेजर आहे. शहरात कुठेही लिफ्ट अडकली की आतला माणूस बटण दाबतो आणि घंटा आमच्याकडे वाजते. आता दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेला माणूस काही गोड बोलत नाही. तो आमच्या सात पिढ्या उद्धारतो! त्यामुळे आमच्या विभागात माणूस टिकत नाही. गेल्या वर्षात तिघं सोडून गेले, तेव्हा थोरल्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, मला वर बोलावलं.

"कर्मचाऱ्यांचा ताण कसा ओळखायचा, कसा रोखायचा, याचं मॅनेजर लोकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. जा," ते म्हणाले. "आणि एक सांगून ठेवतो. उद्या मावशी गेल्या, तर मागोमाग तुम्हीही जा."

मावशी म्हणजे आमच्या फोनवरच्या बाई. बावीस वर्षं एकाच खुर्चीत! त्यांच्या आवाजात काय जादू आहे देव जाणे. एकदा एक गृहस्थ दोन तास अडकले होते. दार उघडलं तर म्हणाले, "थांबा हो जरा, बाईंचं बोलणं पुरं होऊ दे!" पलीकडच्या रस्त्यावरची दुसरी लिफ्ट कंपनी त्यांना दरवर्षी बोलावते आणि मावशी दरवर्षी नाही म्हणतात.

घरी बायकोला प्रशिक्षणाचं सांगितलं.

"ऐकून घ्यायला शिकवणार आहेत?" तिने विचारलं.

"हो, त्याचाही एक तास आहे."

"तुम्हाला? एका तासात?" ती म्हणाली. "शिकवणाऱ्याला माझा नमस्कार सांगा!"

प्रशिक्षण मात्र झकास झालं. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विचारा आणि गप्प बसा.' मला ते वाक्य इतकं पटलं की त्यावर मी उभा राहून सलग वीस मिनिटं बोललो! बाई शेवटी खाली बसल्या. भारावल्या असणार.

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो आणि फळ्यावर स्वतःच्या हाताने सूचना लावली. शब्दन् शब्द माझा!

'या आठवड्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला केबिनमध्ये बोलावून मोकळं करण्यात येईल. सुरुवात सर्वांत जुन्या माणसापासून. कामाचा भार कायमचा हलका करायचा, असा वरून आदेश आहे. घरच्यांशी बोलून ठेवावे. शुक्रवारपर्यंत सगळे मोकळे!'

खाली एक हसरा चेहराही काढला.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं! माझ्या डोक्यात आपलं 'मन मोकळं करणं' होतं. त्यातला 'मन' लिहायचा राहिला, एवढंच. दोन अक्षरं! आठ माणसं फळ्यापुढे उभी राहिली आणि विभागात अशी शांतता पसरली की मला वाटलं, वा! अजून सुरुवातही केली नाही आणि ताण पळाला!

दहा वाजता मावशी आत आल्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत खणातलं सगळं सामान. वर पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, बसायची उशी.

"बसा, मावशी! आज तुम्हाला मोकळं करायचंय."

"वाचलं मी," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी मनातल्या मनात उडीच मारली! रडणं हे मोकळं होण्याचं पहिलं लक्षण, प्रशिक्षणाची पुस्तिका, पान अकरा!

"रडा, मावशी, रडा! अगदी मनसोक्त! बाहेर दोघं थांबलेत, पण तुम्ही सावकाश रडा."

"साहेब, माझं काय चुकलं?"

"चुकायचा प्रश्नच नाही! हे सगळ्यांचंच करायचंय."

"सगळ्यांचं?" मावशींनी पदर तोंडाला लावला. "बावीस वर्षं झाली हो मला!"

"म्हणूनच तर तुमच्यापासून सुरुवात! इतकी वर्षं साठलंय, ते एकदा निघून गेलेलं बरं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काही विचारू नका. मी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. त्यांनी एकही घेतला नाही. उठल्या आणि गेल्या. मी वहीत नोंद केली, 'मावशी: पूर्ण मोकळ्या. वेळ: चार मिनिटं.'

नंतर आमचा कारकून आला. त्याला सगळे घड्याळ म्हणतात, कारण बारा वर्षांत तो एक मिनिटही उशिरा आलेला नाही. त्याच्या टेबलावर फायलींचा डोंगर असतो. मी म्हटलं, "घड्याळराव, आधी ते टेबल रिकामं करा. टेबल मोकळं तर माणूस मोकळा!"

"आजच करू?"

"शुभस्य शीघ्रम्!"

बिचारा भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढून घेऊन आला.

मग आला पाना. हा आमचा मुख्य मेकॅनिक. दहा किलोची अवजारांची पेटी उचलून उचलून त्याचा एक खांदा खाली आलाय. त्याला बघून मला प्रशिक्षणातला खेळच आठवला. ओझं खाली ठेवायचं, डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा.

"पाना, पेटी ठेव खाली. चाव्याही दे इकडे. तुझं सगळं ओझं आता माझ्याकडे!"

"पण साहेब, आपल्याच इमारतीच्या लिफ्टची तपासणी आहे आज. केबल कुरकुरतेय."

"तिची काळजी आता तू करायची नाही!"

मी चाव्यांचा जुडगा घेऊन खिशात टाकला आणि त्याला म्हटलं, "मीट डोळे." त्याने डोळे मिटले नाहीत, पण श्वास मात्र फार लांब सोडला. जाताना तो लिफ्टने न जाता जिन्याने गेला. मला वाटलं, व्यायाम! ताणावर उत्तम! पान चौदा!

साडेबाराला केबिनच्या बाहेर आलो तर विभाग रिकामा. सगळे जेवायला गेले असतील, असं म्हणून मी प्रमाणपत्र काढलं, काखेत मारलं आणि थोरल्या साहेबांना दाखवायला निघालो. आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर, साहेब चौथ्या. लिफ्टमध्ये शिरलो. तिसरा मजला गेला, एक कुरकुर झाली आणि लिफ्ट थांबली.

पायाखालची जमीन सरकते, असं लोक म्हणतात. इथे जमीन सरकायलाच तयार नव्हती!

पुढचं मला फारसं अभिमानाने सांगता येणार नाही. बटणावर अंगठा दाबला आणि ओरडायला लागलो. "हॅलो! मी अडकलोय! मी मॅनेजर आहे! माझ्याकडे प्रमाणपत्र आहे!" पलीकडून काहीच नाही. अजून जोरात दाबलं, अजून जोरात ओरडलो. घाम फुटला, शर्ट पाठीला चिकटला. लांब श्वास घ्यायचा असतो हे आठवलं, पण घ्यायचा नाकाने की तोंडाने ते आठवेना. पुस्तिका टेबलावर! शेवटी अंगठा दुखायला लागला म्हणून हात बदलला, आणि तेवढ्या एका क्षणात भिंतीतून आवाज आला.

"...सोडा. साहेब, बटण सोडा. बटण सोडल्याशिवाय तुम्हाला माझं ऐकू येणार नाही."

मावशी! अगदी शांत, जशी एखादी आई झोपेतल्या पोराच्या पाठीवर हात ठेवते तसा आवाज.

वीस वर्षं या धंद्यात आहे मी. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, हे मी हजार लोकांना सांगितलंय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

"मावशी, तुम्ही आहात अजून? बाकीचे कुठे गेले?"

"सगळे जिन्याने वर गेलेत, थोरल्या साहेबांना भेटायला. मीही निघालेच होते, पिशवी खांद्याला लावून जिन्यापर्यंत गेले होते. पण घंटा वाजत असताना निघून जायची सवय नाही ना मला."

"मावशी, मला आधी मोकळं करा हो!"

मावशी म्हणाल्या, "कोणत्या अर्थानं, साहेब?"

"कोणत्या म्हणजे?"

"लिफ्टमधून, की तुम्ही आम्हाला करताय तसं? नोकरीतून?"

अहो, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला! सूचना, पिशवी, कॅलेंडर, पाना जिन्याने जाताना, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

"अहो मावशी, नोकरीतून नाही हो! मन! मन मोकळं! ताण कमी करायला! पान अकरावर स्पष्ट लिहिलंय की..."

पुढची तीन मिनिटं मी पाठांतर म्हणून दाखवलं. अंगठा घट्ट बटणावर. सोडला तेव्हा मावशी म्हणत होत्या, "...पुन्हा बटण, साहेब. शेवटचं काहीच ऐकू आलं नसेल तुम्हाला. मी म्हटलं, मी तिकडे हो म्हणून बसलेय. पलीकडच्या कंपनीत. अकरा वाजता फोन केला. उद्यापासून या म्हणालेत."

मी मटकन खाली बसलो. मावशी जाणार! थोरल्या साहेबांचं बोलणं कानात वाजलं, पण खरं सांगू? त्या वेळी मला माझ्या नोकरीचं नाही वाटलं. मी अडकलोय, घाबरलोय, आणि उद्या अशीच घंटा वाजली तर पलीकडे हा आवाज नसेल, याचं वाटलं.

पुन्हा बोलायला अंगठा बटणाकडे नेला आणि फळ्यावरचं ते वाक्य आठवलं. ज्यावर मी वीस मिनिटं बोललो होतो तेच. मी बटण दाबलं आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला इथे त्रास कशाचा होतो?" आणि बटण सोडलं. परत दाबू नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे धरले.

"आता विचारताय?" मावशी म्हणाल्या. आणि सांगायला लागल्या.

अकरा वर्षं त्या एक ते दोन या वेळात एकट्याच फोनवर असतात. फोन मानेत धरून जेवतात. मागच्या महिन्यात एक आजोबा चाळीस मिनिटं अडकले होते, त्यांना श्वास लागत होता. मावशी त्यांना गावाच्या, शाळेच्या, कसल्या कसल्या आठवणी विचारत राहिल्या. आजोबा सुखरूप बाहेर आले. "फोन ठेवला तर माझे हात थरथरत होते, साहेब. दोन घोट पाणी प्यायचं होतं. तेवढ्यात दुसरी घंटा वाजली आणि तुम्ही केबिनच्या बाहेर आलात."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालात, मावशी, पहिल्या घंटेला उचलत चला."

मला फार लाज वाटली. ही कथा विनोदी आहे, मला माहीत आहे, पण वाटली.

"उद्यापासून एक ते दोन फोनवर मी बसतो," मी म्हटलं. "आणि असा वाईट फोन आला की नंतरची दहा मिनिटं तुमची. घंटा कोणीही उचलेल."

"तुम्ही फोनवर बसलात तर अडकलेल्या माणसांचं कसं व्हायचं?" मावशी म्हणाल्या, पण आवाजात हसू होतं. "बघू. आधी बाहेर या. पाना आलाय वर."

खरंच दारावर थाप पडली. "साहेब, आहात ना?" पाना ओरडला. "बाहेरचं दार उघडायला चावी लागेल!"

"मग उघड की!"

"चावी तुम्ही घेतलीत सकाळी!"

मी खिशात हात घातला. खुळखुळ! लिफ्टची चावी खिशात घेऊन लिफ्टमध्ये अडकलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? बघून घ्या!

"दुसरी चावी?" बाहेरून थोरल्या साहेबांचा आवाज आला. म्हणजे तेही आले होते!

"माझ्या खणात," मी म्हटलं.

"आणि खणाची चावी?"

मी दुसऱ्या खिशातला माझा स्वतःचा जुडगाही खुळखुळवला.

आतलं दार मी ओढून वीतभर उघडलं. बाहेरच्या दाराखाली बोटभर फट होती, पण छातीच्या उंचीवर आणि चांगली हातभराहून जास्त अंतरावर. हात पोचेना. फटीतून जाईल असं काहीतरी लांब, पातळ आणि ताठ हवं होतं. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि काखेत पाहिलं.

पानाच्या जुडग्यातून चावी सोडवली, प्रमाणपत्रावर ठेवली आणि सोनेरी कडेसकट फटीतून बाहेर सरकवली. प्रशिक्षणाचा केवढा उपयोग झाला बघा! ग्रीसचा तो काळा पट्टा पडला तो तेव्हाच.

दार उघडलं तर समोर मावशी सोडून सातही माणसं आणि थोरले साहेब. साहेबांनी प्रमाणपत्र उचललं, ग्रीस पुसलं, दोन्ही सह्या नीट वाचल्या आणि विचारलं, "मावशी कुठे आहेत?"

आम्ही सगळे धावत खाली गेलो, जिन्याने! सूचनेतला 'मन' राहिल्याचं मी उतरता उतरताच सगळ्यांना सांगून टाकलं. मावशी फोनवरच होत्या. पलीकडच्या कंपनीशी बोलत होत्या. पिशवी अजून खांद्यावर.

"नाही हो, जमणार नाही," त्या म्हणत होत्या. "उद्या नाही, पुढेही नाही. इथे एक जण अजून आत अडकलेत. त्यांना बाहेर काढायला वेळ लागेल."

फोन ठेवून त्यांनी पिशवीतली उशी काढली आणि खुर्चीवर ठेवली. घड्याळराव कॅलेंडर लावायला खिळा शोधायला पळाले.

आता एक ते दोन मी फोनवर असतो. मावशी शेजारच्या खोलीत दोन्ही हातांनी जेवतात. माझ्या टेबलावर त्यांनी एक लाल चिठ्ठी चिकटवलीय, 'बटण सोडा.' मी बोलायला लागलो की विभागातलं कोणीही येऊन तिच्यावर नुसतं बोट ठेवतं. काल मी कौतुकाने हे सगळं बायकोला सांगितलं. या वेळी मध्ये टोमणा न मारता ती नुसती हसली. आज सकाळी चहाला बसलो, तर जेवायच्या टेबलावर माझ्या जागेसमोर तश्शीच लाल चिठ्ठी! अक्षर मावशींचं. दोघींची ओळख कधी झाली, हे मला कोणी सांगत नाही.

यावर मला खरं तर बरंच काही सांगायचंय. पण केव्हाचा मीच बोलतोय, नाही का? सोडतो बटण.