जगतापकाकांच्या आंब्यातली साखर

जगतापकाका रोज सकाळी अंगणातल्या आंब्याच्या खोडाला स्टेथोस्कोप लावतात. मी पुण्याहून बदली होऊन म्हैसूरच्या चामराजपुरमला त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, काय ऐकू येतं?"

"पाणी वर चढतंय, नोडी! बघा तरी!" त्यांनी नळी माझ्याच कानांत कोंबली. मला फक्त रस्त्यावरची बस ऐकू आली. पण त्यांचा चेहरा इतका फुलला होता, की मी "वा वा!" म्हणून मोकळा झालो.

तिथेच फसलो. काकांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. घरात मराठी टिकली, पण तिला कन्नडची खमंग फोडणी बसली. "पाणी लाकडातनं वरती, साखर सालीतनं खालती. पानं रांधतात आणि मुळं जेवतात, स्वामी! गोत्ताय्ता?" 'समजलं' म्हटल्याशिवाय दूधवाल्याचीसुद्धा सुटका नसे.

गेल्या वर्षी तर उत्साह पार उतू गेला. अमेरिकेतली त्यांची लेक सुमा बरीच वर्षं आली नव्हती, आणि आंबाही बरीच वर्षं मोहरला नव्हता. काकांनी दोन्हींची गाठ मारली. "आंबा नाही, मग कशाला येईल पोरगी?"

बागवाले फांदीच्या सालीचं बारीक कडं काढतात. साखर वरच अडते, फांदी मोहरते. पण थोडक्यात भागवतील तर ते काका कसले! त्यांनी थेट बुंध्याचीच साल गोल तासली, चांगली चार बोटं रुंद. मोहर असा लगडला की काका रस्त्यावरच्या माणसांना हाताला धरून आत आणत. सुमानेही उन्हाळ्यात येते म्हणून कळवलं. मग कैऱ्या धरल्या आणि पानं पिवळी पडू लागली.

"अय्यो, मुळं उपाशी मरतायत! मीच मारलं की हो झाड!"

काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे माझं दार बडवलं. "पूल बांधायचा, साखरेला खालती उतरायला! चला, चला!" त्याच झाडाच्या कोवळ्या काड्या कापून आम्ही एक टोक जखमेच्या वरच्या सालीत खोचलं, दुसरं खालच्या सालीत, आणि पट्ट्यांनी घट्ट आवळलं. काही आठवड्यांनी काड्यांवर कोंब दिसले. काकांनी लुंगी खोचून अंगणात अक्षरशः नाच केला, आणि खरं सांगतो, मीही केला.

पण फळं सगळी साखर ओढून घेतात. झाड जगवायचं तर कैऱ्या उतरवायला हव्या होत्या. काकांनी एकूण एक उतरवली आणि गल्लीत वाटून टाकली. मग माझ्यासमोरच सुमाला फोन लावला.

"मगळे, पोरी, यंदा येऊ नको गं. आंबा नाही. पुढल्या वर्षी नक्की देतो."

"आंबा कुणाला पाहिजे, अप्पा? मी तुम्हालाच बघायला येते की! टिकीटपण झालं."

काकांनी फोन ठेवला. मग माझा हात घट्ट धरून म्हणाले,

"मला बघायला येतेय, नोडी. मला."