दोन मुदती पुरे

सुधारणेला कोणाचाच विरोध नसणं ही लोकशाहीतली सर्वांत सुरक्षित अवस्था होय. विरोध असला की वाद होतो, वादातून एखादे वेळी निर्णय होऊन बसतो, आणि निर्णय झाला की तो कोणाला तरी भोगावा लागतो. सगळ्यांचाच पाठिंबा असला म्हणजे सुधारणा वर्षानुवर्षं कोरी करकरीत राहते.

हे ज्यांना सर्वांत चांगलं कळलं होतं, त्या आमदारांना सगळे 'सुधारक' म्हणत. पहिल्यांदा निवडून आले तेव्हाच त्यांनी एक विधेयक मांडलं होतं, की कोणालाही दोन मुदतींपेक्षा जास्त आमदार राहता येऊ नये. ते पडलं. पुढे दर वर्षी त्यांनी ते मांडलं आणि दर वर्षी ते सन्मानाने पडलं. त्यांचा पक्ष सत्तेवर असला की सरकार ते समितीकडे पाठवी (समितीचे प्रमुख सुधारक स्वतःच असत), आणि पक्ष विरोधात असला की विरोधकांचं विधेयक म्हणून ते पाडलं जाई. या विधेयकाच्या जोरावर ते आणखी चार वेळा निवडून आले. तिसऱ्या खेपेला एका वार्ताहराने आगाऊपणा करून विचारलं होतं, "दोन मुदती झाल्या की तुमच्या. तुम्ही का थांबत नाही?"

"मी थांबलो तर हे विधेयक मांडणार कोण?" सुधारक शांतपणे म्हणाले.

वार्ताहराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. (पुढे तो त्यांचा प्रसिद्धिप्रमुख झाला.)

सगळं असं सुरळीत चाललं असताना निवडणूक जवळ आली आणि घात झाला. सत्ताधारी पक्षाच्या बैठकीत ठरलं, की निवडणुकीच्या तोंडावर सुधारणेला विरोध केलेला बरा दिसत नाही, तेव्हा खुशाल पाठिंबा द्या, ते पाडतीलच. भिंतीपलीकडच्या दालनात विरोधी पक्षाची बैठक चालली होती. तिथेही शब्दशः हेच ठरलं. फरक इतकाच, की तिथले 'ते' म्हणजे हे होते.

मतदानाच्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं." सभागृह दणाणलं. मग म्हणाले, "प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं." आणि सभागृहात पंखे आहेत, हे त्या दिवशी सर्वांना प्रथमच ऐकू आलं. या बाजूचे त्या बाजूकडे बघत होते, त्या बाजूचे या बाजूकडे. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. भल्या मनाने तिसऱ्यांदाही विचारलं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतले एक वयोवृद्ध सदस्य खोकले. अध्यक्षांचा चेहरा उजळला.

"सन्माननीय सदस्यांना काही म्हणायचं आहे का?"

"नाही," म्हातारे म्हणाले.

"'नाही', एक," अध्यक्षांनी घाईने नोंदवायला सांगितलं. पण एकाने भागण्यासारखं नव्हतं. विधेयक प्रचंड बहुमताने मंजूर झालं. (त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंचे आमदार एकेक करून म्हाताऱ्यांचा हात हातात घेऊन गेले. का, ते त्यांना कोणी सांगितलं नाही.)

सुधारकांचे फोटो निघाले. प्रत्येक फोटोत ते हसत होते, आणि प्रत्येक फोटोत दोन्ही हातांनी बाकाची कड धरलेली होती. घरी आले तेव्हा बायको वरच्या मजल्यावर टेप घेऊन खिडक्यांची मापं घेत होती. त्या खोलीत गेली वीस वर्षं कार्यकर्ते बसत आणि वीस वर्षं ती आपलं शिवणयंत्र तिथे ठेवायचं म्हणत होती.

"अहो, ही खोली आता रिकामी होईल ना?"

"बघू."

"बघू काय बघू. तुमचं विधेयकही इतकी वर्षं 'बघू'च होतं. झालं ना शेवटी?"

सुधारकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आपण उद्या कोण असणार, हा प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच पडला. दुसऱ्याला मार्गदर्शन करण्यापलीकडे कुठलंच काम त्यांना येत नव्हतं.

सकाळी ते नेहमीप्रमाणे केस कापायला गेले. एरवी ते दारात दिसले की न्हावी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी उठवत असे. आज तो कात्री न थांबवता म्हणाला, "बसा साहेब. तुमच्या आधी एकजण आहेत."

सुधारक बाकावर बसले. शेजारी ते आधीचे 'एकजण' होते, सुधारकांना शाळेत शिकवलेले निवृत्त मुख्याध्यापक. राजकारण्यांना खुर्चीवरून खाली ओढा, अशी पत्रं ते वर्तमानपत्रांना नेमाने पाठवत, आणि दोन मुदतींच्या कायद्याचे ते पहिल्यापासूनचे पुरस्कर्ते होते.

"उत्तम केलंस," मुख्याध्यापक म्हणाले. "ही सगळी घाण एकदा जायलाच हवी." मग ते जरा सरकून बसले आणि आवाज खाली आला. "फक्त तू एवढ्यात जाऊ नकोस. सूनबाईची बदली अजून अडकली आहे. नवा कोणी आला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून ओळख काढा."

"पण सर, कायदा सगळ्यांना सारखा आहे."

"असायलाच हवा. मी तुझ्यापुरतं म्हणतोय."

कात्री थांबली. न्हाव्याच्या दुकानाची पायरी रस्त्यावर हातभर पुढे आलेली होती, आणि ती तिथे नाही असं नगरपालिकेने सुधारकांच्या फोनवरून मान्य केलेलं होतं. नवा आमदार आला की ती पुन्हा दिसू लागेल, हे न्हाव्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याने खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला उठवलं आणि खुर्ची झटकली.

"या साहेब."

मुख्याध्यापकांनीही हाताने 'जा, जा' केलं. चेहऱ्यावर गरम टॉवेल पडला तेव्हा सुधारकांचे डोळे भरून आले. टॉवेल ओलाच असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

तिथून उठले ते थेट सर्वपक्षीय बैठक बोलवायलाच गेले. कायदा रद्द करणं शोभणार नाही, यावर बैठकीत एकमत होतं. तेव्हा जनतेलाच विचारावं, असं सुधारकांनी सुचवलं, आणि राज्यभर सर्वेक्षण झालं. शेकडा ब्याण्णव लोकांनी कायदा हवाच, असं सांगितलं. याच ब्याण्णवांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांनी आपला आमदार मात्र राहावा, असंही सांगितलं. सर्वेक्षण करणाऱ्यांना ही चूक वाटली, म्हणून ते पुन्हा दारोदार गेले. दुसऱ्या खेपेला अठ्ठ्याऐंशीचे नव्वद झाले. सर्व मतदारसंघांची बेरीज केल्यावर निष्पन्न झालं ते असं, की जनतेला सगळे आमदार जायला हवे आहेत आणि त्यातला एकही जायला नको आहे.

लोकमताचा एवढा स्पष्ट कौल डावलणं कोणत्याही लोकप्रतिनिधीला शक्य नव्हतं. सुधारकांनी दुरुस्ती मांडली. दोन मुदतींचा कायदा राज्यातल्या सर्व आमदारांना कसोशीने लागू राहील, मात्र आपापल्या मतदारसंघात तो लागू होणार नाही. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. सुधारक सहाव्यांदा उभे राहिले आणि 'दोन मुदती पुरे' ही घोषणा देत पूर्वीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले. मुख्याध्यापकांच्या सुनेची बदली झाली. वरच्या खोलीला बायकोने शिवलेले नवे पडदे लागले आणि त्यांच्या आड कार्यकर्ते बसू लागले. शिवणयंत्र जिन्याखाली आहे. बायको त्याबद्दल काही म्हणत नाही. एकदाच म्हणाली, "सर्वेक्षणवाले आपल्याकडे का नाही आले हो?"

सर्वेक्षणातल्या एका प्रश्नाचं उत्तर अहवालात छापलेलं नाही, कारण त्यात मतभेदच आढळला नाही. हेच लोक पुन्हा पुन्हा निवडून येतात याला जबाबदार कोण, असा तो प्रश्न होता. शंभर टक्के लोकांनी 'इतर मतदार' असं सांगितलं. (हे वाचताना आपणही मनातल्या मनात तेच उत्तर दिलंत. ते मोजून घेतलं आहे. टक्केवारीत फरक पडला नाही.)