नानांचा रेवस

एकदा एसटीत नानांचा फोन वाजला आणि ते ओरडले, "काय? रेवस पडला?"

पुढच्या सीटवरची बाई दचकून उठली. तिचं माहेरच रेवसचं.

"बाय, तुजा रेवस हाय जागेवर," नाना म्हणाले, "माजा पडलाय."

नाना म्हात्रे आमचे सर्वांत जुने सिस्टिम अ‍ॅडमिन. चौलच्या ऑफिसातून आम्ही चौघे आसपासच्या दवाखान्यांचे, शाळांचे सर्व्हर सांभाळतो. सर्व्हरचे आकडे ध्यानात राहत नाहीत म्हणून नानांनी त्यांना रेवस, किहीम अशी गावांची नावं दिलीत. कुठलाही सर्व्हर बंद करण्याआधी ते स्क्रीनला विचारतात, "हाय का कोन आत?" मी त्यांची नक्कल फार छान करायचो.

दर शुक्रवारी चहाबरोबर प्रत्येकाने आपली एक चूक सांगायची आणि ती वहीत लिहायची, म्हणजे दुसरा तीच करणार नाही, हा नानांचा नियम. स्वतःच्या चुका ते अगदी रंगवून सांगत.

एका बुधवारी मी चाचणीचा सर्व्हर समजून किहीम पुसून टाकला. त्यावर एका दवाखान्याच्या सगळ्या अपॉइंटमेंट होत्या. नानांनी आदल्या दिवसाचा बॅकअप चढवला. त्या सकाळची नावं दवाखान्याला फोनवर विचारून एकेक भरली. डॉक्टरांची बोलणीही त्यांनीच खाल्ली.

"काय झालं रं?"

"डिस्क गेली असेल, नाना."

"असंल."

शुक्रवारी मी पासवर्ड विसरल्याची फुटकळ चूक सांगून मोकळा झालो. नाना कपात बघत म्हणाले, "किहीमचं माज्या नावावर लिवा."

पुढचे चार दिवस त्यांच्याकडे बघवेना. शेवटी मंगळवारी जिन्यात गाठून सांगितलं, "नाना, किहीम मी पुसला."

"म्हाईत हाय. लॉगमधी तुजंच नाव हाय."

"मग बोलला का नाहीत?"

नाना कठड्याला टेकले. "मुंबईच्या नोकरीत माज्या हातून असंच झाल्तं. सायबानं पन्नास मानसांत उभा केला. घरी कुनाला सांगू शकलो न्हाय. सांगायला घरात व्हतं तरी कोन?" मग माझ्या खांद्यावर थोपटून खाली उतरले.

त्या शुक्रवारी मी उभा राहून सगळं सांगितलं. बाकीचे दोघे माझ्याकडे बघत होते. मला लाज वाटू नये म्हणून नाना तेवढे खिडकीबाहेर बघत राहिले. त्यामुळे ती जास्तच वाटली.