किसनमामांची निष्ठुर माणसं

आमच्या शेजारच्या किसनमामांच्या तोंडी शिवी एकच, "निष्ठुर!" पण ती कुणाला बसेल याचा नेम नाही. शेलूबाजारच्या फाट्यावर हात दाखवूनही न थांबणारा जीपवाला निष्ठुर. दोन घोटांत चहा संपवणारा त्यांचा जावई निष्ठुर, कारण "पाजणाऱ्याकडं पाह्यलंच नाही त्यानं." देठ न धरता वांगं ओढून तोडणारी मी तर पहिल्या नंबरची.

"आणि गावभर भांडणारी सरूबाई?" मी एकदा विचारलं.

"ते तापट हाय. भांडून मोकळी होते. समोरच्याची तहान दिसून बी जो पानी देत नाही, तो निष्ठुर."

मी थक्कच झाले. इतका साफ अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

आता गंमत बघा, या माणसाची संत्र्याची बाग आहे. संत्र्याला बहार हवा असेल तर उन्हाळ्यात ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं. पानं सुकतात, गळतात, आणि आपण नुसतं पाहायचं. मामी होत्या तोवर विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची चावी त्यांच्या कनवटीला असायची. त्या गेल्या, आणि नंतरच्या दोन्ही उन्हाळ्यांत मामांनी मध्येच पाणी सोडलं. दोन्ही बहार बुडाले. मुलगा म्हणाला, यंदा फूल आलं नाही तर बाग तोडू.

मामांनी चावी माझ्या हातात ठेवली. "मी मांगतली तरी देऊ नको. रडलो तरी."

बाग यंदा फुलली, हे आधीच सांगून टाकते. पण तोवर माझी काय कसोटी लागली, ते ऐका.

एका भर दुपारी मामा आले आणि खरंच रडले. "पोरी, पानं वळून राह्यली. घडीभर मोटार लावतो."

"नाही, मामा."

"निष्ठुर हायेस तू!"

"असू द्या. चावी मिळणार नाही."

ते दारातच खाली बसले. आता हे माझं तोंडही पाहणार नाहीत, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "तुही मामी बी असंच म्हने. पन मंग माह्यासंग बागेत येऊन बसे. आता कोनी येत नाही."

दाराला कडी घालून मी त्यांच्याबरोबर निघाले.

बागेत मामा एकेका झाडाच्या बुंध्याला हात लावून सांगत होते, "अजून थोडे दिवस कळ काढ, माय." मी मागून चालत होते. अर्ध्या बागेत त्यांचा आवाज बसला. उरलेल्या झाडांना मग मी सांगितलं.