डाव्या बुटातला भाडेकरू

त्या दुपारी मी बाबांच्या बुटांवरची धूळ पुसायचं ठरवलं. ठरवलं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

बाबा जहाजावर असतात, खाली इंजिनरूममध्ये. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा ते आधीच समुद्रात होते, त्यामुळे त्यांनी हे घर अजून पाहिलेलं नाही. त्यांचे बूट मात्र पहिल्या दिवसापासून इथे राहतात. आई चष्म्याच्या दुकानात काम करते आणि दिवे लागल्यावर घरी येते. शाळा सुटल्यापासून तोवर घरात मी एकटी. हे कुणाला कळू नये म्हणून आईने दोन युक्त्या काढल्या. पहिली, बाबांचे घोट्यापर्यंतचे काळे बूट जाळीच्या दाराच्या आत, पण बाहेरून दिसतील असे ठेवायचे. दुसरी, मी कुलूप उघडून आत शिरताना मोठ्याने म्हणायचं, "बाबा, आले मी." शेजारच्या काकूंनी एकदा चौकशी केली तेव्हा आईने सांगून टाकलं, "ह्यांची रात्रपाळी असते. दिवसा झोपलेले असतात." (आई एरवी खोटं बोलत नाही. चष्मा शोभत नसेल तर गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगते.)

आता "मोठ्याने" म्हणजे काय, हा प्रश्न आहे. हजेरीच्या वेळी माझं "हजर" बाईंच्या टेबलापर्यंत पोचत नाही. बाई मान उंच करून मला शोधतात आणि दिसले तर खूण करतात. (एकदा पुढे उंच मुलगी बसली होती. त्या दिवशी मी गैरहजर होते.) तेव्हा माझं "बाबा, आले मी" फार तर बुटांपर्यंत जात असावं. पण म्हणता म्हणता सवय लागली आणि मी त्यात भर घालू लागले. बाबा, आज गणिताचा तास झालाच नाही. बाबा, आज डबा एकटीनेच खाल्ला, पण खिडकीजवळची जागा मिळाली. बूट ऐकून घ्यायचे. मधेच बोलायचे नाहीत.

आईने बजावलं होतं, "जमतंय तोवर ठीक. एक जरी भानगड झाली, तर मावशीकडे राहायचं आणि तिथल्याच शाळेत जायचं." मावशीचं गाव लांब. तिच्या घरी चार भावंडं आहेत आणि ती चौघंही एकाच वेळी बोलतात. पण मला खरी काळजी वेगळीच होती. मी गेले की या घरात आई एकटी. मग दिवे लागल्यावर कुलूप उघडून ती बुटांना काय सांगणार?

म्हणून भानगड होऊ द्यायची नाही, असा माझा निश्चय होता. बुटांवर धुळीचा थर बसलाय, हे त्या दुपारी लक्षात आलं. रोज घालायच्या बुटांवर एवढी धूळ कशी, असं कुणालाही वाटलं असतं. मी फडकं घेतलं. उजवा बूट पुसला. डावा उचलला तर तो उजव्यापेक्षा जड लागला.

आत डोकावले. आतून कुणीतरी माझ्याकडे पाहिलं.

मी "सॉरी" म्हणाले आणि बूट होता तसा खाली ठेवला. मग शाळेची ॲटलास हळूच बुटाच्या तोंडावर ठेवली आणि ॲटलासवर पितळी खलबत्ता. त्यानंतर चार पावलं मागे सरले आणि खाली बसले. (माझे पाय नेहमी काम उरकल्यावर घाबरतात.)

एका नजरेत दिसलं ते इतकं : चपटंसं डोकं, तपकिरी अंग, त्यावर पिवळसर पांढरे पट्टे. आमच्या प्रयोगशाळेत शेवटच्या बाकाच्या वर सापांचा तक्ता आहे. त्या बाकावर मी एकटीच बसते, त्यामुळे तो तक्ता मला पाठ आहे. मण्यार विषारी, तिचे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्या बिनविषारी, त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. बुटातल्याचे मानेजवळचे पट्टे चांगले ठळक होते. म्हणजे कवड्या. पण शेपटी बुटाच्या टोकात होती, आणि निम्म्या सापावर जीव टांगून ठेवायची माझी तयारी नव्हती.

भिंतीला लागून काकूंचं घर. काकू कपडे शिवतात, गळ्यात कायम टेप. काका रिटायर झालेत आणि पेपरामागे बसलेले असतात. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. बेल वाजवायचा धीर होईना. साप घरात असूनही बेल वाजवायला लाजणारी मुलगी जगात दुसरी नसेल. शेवटी काकूच चिंध्या टाकायला बाहेर आल्या आणि दचकल्या.

"अगं, कधीची उभी आहेस?"

"आत्ताच आले. काकू, आमच्या घरात साप आहे. बाबांच्या बुटात."

"अगंबाई. मग बाबांना उठव की."

इथे माझी गाडी अडली.

"ते झोपलेत."

"झोपलेत म्हणूनच उठव म्हणते ना. जागे असते तर उठव कशाला म्हटलं असतं?"

"रात्रपाळी झालीय त्यांची."

"पोरी, साप निघालाय. सापाला पाळी कळते का?"

काही सुचेना, तेव्हा माणूस जे पहिलं सुचेल ते बोलतो. मी म्हटलं, "बाबांना सापाची फार भीती वाटते."

पेपर हळूच खाली आला. काकांचा चेहरा मी इतका आनंदी कधी पाहिला नव्हता.

"ऐकलंस का?" ते काकूंना म्हणाले. "आठ महिने ऐकतोय. शेजारच्यांकडे बघा, कसे शांत. शेजारच्यांकडे बघा, घरात माणूस आहे की नाही कळत नाही. घे. तुझा आदर्श पांघरूण घेऊन पडलाय."

"शांत माणसं अशीच असतात," काकू म्हणाल्या, पण आवाज जरा पडलाच.

काकांनी कुणाकुणाला फोन करून एका सर्पमित्राचा नंबर मिळवला. तो म्हणाला, निघालोच. मग आम्ही तिघं आमच्या जाळीच्या दाराबाहेर उभे राहिलो. आत बूट, बुटावर जगाचा नकाशा आणि त्यावर खलबत्ता.

"कसला होता?" काकांनी विचारलं.

"पट्टे होते."

"पट्टे म्हणजे मण्यार. संपलं."

"कवड्या असेल," मी म्हटलं.

"मण्यारच," काका काकूंना म्हणाले. माझं म्हणणं वाटेतच कुठेतरी पडलं. मी दोनदा उचलून पाहिलं, पण तोवर काका भलतीकडे पोचले होते. "एक दारात आहे तर दुसरी आत कशावरून नसेल? ते गृहस्थ झोपेतून उठतील, पाय खाली ठेवतील, आणि..."

काकूंनी जाळीला तोंड लावलं. "भाऊजी, पाय खाली ठेवू नका. पलंगावरच बसून राहा."

आतून उत्तर आलं नाही.

"साहेब," काका ओरडले, "आधी बूट नका घालू."

तरी उत्तर नाही. काकूंचा चेहरा उतरला. "अहो, चावलं तर नसेल त्यांना? अँब्युलन्स बोलवा. भाऊजींसारखा माणूस शोधून सापडायचा नाही हो."

(खरंच सापडला नसता.)

अँब्युलन्स आली असती तर गल्ली जमली असती, पोलीसही आले असते आणि रिकाम्या पलंगावरून कुणाला उचलायचं, हा प्रश्न आला असता. मी सगळा जोर एकवटला. "काकू, बाबा आत नाहीत."

हे मात्र नेमकं ऐकू गेलं.

"नाहीत? मग गेले कुठून?" काकूंनी बुटांकडे पाहिलं. "बूट तर इथे आहेत."

"खिडकीतून," काका म्हणाले. आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "साप बघून अनवाणी खिडकीतून उडी मारली माणसाने. पोरीला आत टाकून."

बाबांची अब्रू माझ्या डोळ्यांदेखत जिना उतरून निघाली होती. तेवढ्यात खाली एक गाडी आचके देत थांबली. सर्पमित्राचा धंदा मोटार शिकवण्याचा होता आणि शिकाऊ बाईंचा तास चालू असताना त्याला फोन गेला होता. "उशीर झाला," तो वर येत म्हणाला, "बाई अजून पहिल्या गिअरमध्येच आहेत." त्याच्या हातात एक आकडा आणि कापडी पिशवी होती.

आम्हाला लांब उभं करून त्याने खलबत्ता उतरवला, ॲटलास बाजूला केली, पिशवीचं तोंड बुटाला लावलं आणि आकड्याने बूट कलता केला. आधी कोळ्याचं जाळं आलं. मग सापाची कात आली, पापुद्र्यासारखी. आणखी एक कात आली. शेवटी स्वतः मालक आले. अगदी सावकाश, झोपमोड झाल्यासारखे. त्यांची शेपटी मी नीट पाहिली. पट्टे पुसट होत होत नाहीसे झाले होते.

"कवड्या," मी म्हटलं.

"कवड्या," सर्पमित्र म्हणाला. "बिनविषारी. पाली खातो."

"बघा, मी म्हटलंच होतं मण्यार नसावी," काका म्हणाले.

सर्पमित्राने बूट उजेडात धरला. "हा कधीपासून कुणी घातलेला नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिल्याची मला सवय नाही. मी सगळं सांगून टाकलं : जहाज, इंजिनरूम, चष्म्याचं दुकान, रात्रपाळी.

काकांनी दोन्ही बूट नीट पाहून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे आठ महिने माझी तुलना चामड्याच्या एका जोड्याशी होत होती."

काकू मात्र हसल्या नाहीत. "आणि रोज दुपारी बाबा, आले मी, असं भिंतीपलीकडून बारीक ऐकू यायचं. ते कुणाला म्हणायचीस?"

या प्रश्नाचं खरं उत्तर सर्पमित्राच्या पिशवीत होतं. तो पिशवीच्या तोंडाला गाठ मारत होता. गणिताचा तास, एकटीने खाल्लेला डबा, खिडकीजवळची जागा, सगळं घेऊन बुटाचे मालक निघाले होते. मला उगीचच वाटलं की निदान निरोप तरी घ्यायला हवा होता.

"ऐकू आलं असेल का त्याला?" मी विचारलं.

"सापाला आपल्यासारखे कान नसतात," सर्पमित्र म्हणाला. "जमिनीची थरथर कळते. माणसांचा वावर असला की तो दाराशी असा मुक्काम करत नाही. दोन काती टाकल्या म्हणजे चांगला रुळला होता. घर दिवसभर रिकामं असेल ना?"

"मी असते."

"रोज?"

"रोज."

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता, पण माणूस सभ्य होता. "बाई खाली थांबल्यात," म्हणाला आणि गेला.

आई आली तेव्हा काकू आमच्याच दारात बसल्या होत्या. आईने सगळं ऐकलं, दोन्ही बूट उलटे करून झटकले आणि म्हणाली, "मावशीला फोन करते."

मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण ते मलाच ऐकू आलं.

"फोन नंतर करा," काकू म्हणाल्या. "आधी माझा हिशोब द्या. भाऊजींची झोपमोड नको म्हणून मी दुपारी मशीन हळू चालवलं. आठ महिने. गिऱ्हाइकं परत गेली माझी."

आईने मान खाली घातली. "मुलगी घरात एकटी असते, म्हणून नाही सांगितलं हो कुणाला."

"मुलगी एकटी असते म्हणूनच सांगायचं असतं." काकूंनी टेप गळ्यातून काढून पुन्हा गळ्यात घातला. "मावशीकडे काही जायचं नाही. शाळा सुटली की आमच्याकडे यायचं. मी आहे, हे आहेत. वावर भरपूर आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती हलवलेली मान तिला बरोबर दिसते, हजेरी घेणाऱ्या बाईंसारखं तिला शोधावं लागत नाही. फोन तसाच राहिला.

रविवारी बाबांचा फोन लागला. सापाचं ऐकून ते खूप हसले. मग लाइनवर नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं. "चला," ते म्हणाले, "माझ्या जागी कुणीतरी होतं म्हणायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेतून थेट काकूंकडे जायला लागले. पहिल्या दिवशी दार उघडंच होतं. काकू मशीनवर वाकलेल्या, काका पेपरामागे. मशीन आता असं धावत होतं की भिंत हादरत होती. "काकू, आले मी," असं म्हणून मी कपाटामागच्या स्टुलावर बसले आणि धडा वाचायला घेतला. फार बरं वाटत होतं. घरात माणसं असल्याचा आवाज वेगळाच असतो.

थोड्या वेळाने मशीन थांबलं. काकूंनी शिवलेले कपडे पिशवीत भरले. काकांनी चपला घातल्या. दिवा बंद झाला, दार बंद झालं आणि बाहेरून कुलूप लागलं. जिन्यातून काकूंचा आवाज आला, "पोरगी पहिल्याच दिवशी आली नाही बघा. एकटीची सवय, दुसरं काय."

हाक मारावी असं मला वाटलं. पण त्या जिना उतरून खाली गेल्या होत्या आणि माझा आवाज फार तर पहिल्या पायरीपर्यंत गेला असता. म्हटलं, येतीलच.

आल्या. दार उघडून काकूंनी दिवा लावला आणि कपाटामागे मी दिसले. सापाच्या दिवशी त्या अजिबात किंचाळल्या नव्हत्या. ती कसर त्यांनी आता भरून काढली.

काका शांतपणे पेपर शोधत होते. "त्या सर्पमित्राचा नंबर आहे अजून माझ्याकडे," ते म्हणाले. "लावू का?"