चारशे बारा गळकी झाकणं

"संशोधनाला करात सवलत मिळते. मी तुमचा अर्ज टाकलाय. उद्या सकाळी अधिकारी बाई बघायला येतील, जे केलंत ते दाखवा," असं कर सल्लागाराने सांगून फोन ठेवला, आणि डब्यांची झाकणं बनवणाऱ्या एका सरळमार्गी माणसाला घाम फुटला.

आता या झाकणवाल्याने काय केलं होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. केलं होतं ते त्याच्या बायकोने. डबा उलटा केला तरी सूपचा एक थेंब गळू नये, असं झाकण बनवायचा तिने दोन वर्षं ध्यास घेतला होता. चारशे बारा झाकणं झाली आणि चारशे बारा गळली. साचे, वीज, रबर, सगळं पाण्यात! फोन आल्यावर झाकणवाल्याने तिला निर्वाणीचं सांगितलं, "सवलत मिळाली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून तुझे प्रयोग बंद." त्या दिवशी बायकोला जेवण गेलं नाही.

मेहुणा मदतीला धावून आला. हा मेहुणा म्हणजे न विचारता सल्ला देणारा प्राणी. "भावोजी, संशोधन म्हटलं की प्रयोगशाळा पाहिजे, पांढरे कोट पाहिजेत. आणि ताईची ती गळकी झाकणं अजिबात दिसता कामा नयेत. फजितीला कुणी सवलत देतं का?"

"खरंय बाबा," झाकणवाला म्हणाला, आणि दोघं कामाला लागले. समोरच्या न्हाव्याकडून दोन पांढरे कोट आणले. गळक्या झाकणांची पोती एकावर एक रचून त्यांवर चादर अंथरली, की झालं टेबल तयार! वर काचेच्या बरण्यांत निळं आणि लाल पाणी. निळी ती शाई, लाल काय होतं ते मेहुण्यालाच ठाऊक. बायकोला मात्र ताकीद मिळाली, "तू मागच्या खोलीत मशिनवर बस. तुला खोटं बोलता येत नाही."

"पण खोटं बोलायचंच कशाला मी म्हणते?" असं म्हणून ती तणतणत आत गेली.

अधिकारी बाई वेळेवर आल्या. त्यांनी बरण्या पाहिल्या, कोट पाहिले, मेहुण्याच्या कॉलरवरचे कुणाचे तरी केसही पाहिले. मग वही उघडून विचारलं, "कोणती गोष्ट जमेल की नाही, याची तुम्हाला खात्री नव्हती?"

मेहुण्याने छाती फुगवली. "खात्री नाही असं आमच्याकडे काही नाहीच, बाई! हात लावला की जमतं."

"एकदाही चुकलं नाही?"

"छे हो! चुकायला आम्ही काय नवशिके आहोत?" झाकणवाला म्हणाला.

"मग हे संशोधन नाही." बाईंनी वही मिटली. "जे आधीच ठाऊक आहे त्याला सवलत नसते. येते मी."

मागच्या खोलीतलं मशिन एकदम थांबलं. बायको ऐकत होती. झाकणवाल्याने त्या दाराकडे पाहिलं. दोन वर्षं आपली बायको उभ्या उभ्या जेवली, बोटं भाजून घेतली, आणि आपण शहाण्यासारखे तिचं काम चादरीखाली दडवून बसलो!

"अहो, थांबा!" तो ओरडला. "आम्हाला कशाचीच खात्री नाही! सगळं चुकतं आमचं! देवाशपथ!" आणि त्याने चादर ओढली. बरण्या खळ्ळकन फुटल्या, त्याच्या अंगावरचा कोट निळालाल झाला, पोतं उलटलं आणि झाकणं खोलीभर गडगडत गेली.

एक झाकण बाईंच्या पायाशी आलं. त्याला चिठ्ठी चिकटवलेली होती. बाई वाचू लागल्या, "एकशे सत्तेचाळीस. उकळत्या पाण्याने कड सैल पडली. पुढच्या वेळी रबर जाड घ्यायचं. हे ओरडले." त्यांनी दुसरं उचललं. "एकशे अठ्ठेचाळीस. रबर जाड, आता बसेना. ठोकून बसवलं तर डबा चेपला. हे फार ओरडले." बाईंनी मान वर केली. "हे कोण?"

"मी," झाकणवाला पुटपुटला.

"अहो, हेच तर संशोधन! कोट कशाला हवेत? फसलेलंसुद्धा धरतात, शोध चालू होता एवढं दिसलं पाहिजे. कुणी केलं हे?"

दोघा पुरुषांनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. बायको बाहेर आली ती हातात कोमट झाकण घेऊनच. "चारशे तेरावं," ती म्हणाली. "आत्ताच काढलं."

"दोन वर्षांचं काम मी मंजुरीला पाठवते," बाई म्हणाल्या. "हे गळलं तर पुढचं वर्षही धरता येईल. नाही गळलं, तर मात्र या झाकणाचं संशोधन इथे संपलं."

दोन वर्षं 'गळू नकोस' म्हणून झाकणाला विनवणाऱ्या माणसाने आता हात जोडले, "गळ रे बाबा, एकदाच गळ!" बायकोने डब्यात गरम पाणी भरलं, झाकण लावलं आणि डबा उलटा धरला. एक मिनिट गेलं. पाच गेली. मेहुणा खाली नाक नेऊन बघत होता, त्याचं नाक कोरडंच राहिलं.

"अहो, जमलं!" बायको ओरडली. आधी खदखदून हसली, मग तिथेच पोत्यावर बसून रडायला लागली.

निथळत्या कोटानिशी झाकणवाला तिच्या शेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, "अगं, मग आता पुढे काय बिघडवायला घेतेस?"