सेतुरावांची माणसं

सेतुरावांच्या संगणकात राहणारी माणसं वेळेवर गोळ्या घेत नाहीत.

हे नीट सांगायला हवं. पेरुंगुडीतल्या आमच्या प्रयोगशाळेत मधुमेहाची नवी औषधं खऱ्या रुग्णांपर्यंत जाण्याआधी आभासी रुग्णांवर तपासली जातात. आभासी रुग्ण म्हणजे वय, वजन, यकृत, मूत्रपिंड, रक्तातली साखर आणि या सगळ्यांना एकमेकांशी बांधणारी समीकरणं. माझ्या रुग्णांना क्रमांक असतात. ते सकाळी गोळी घेतात, तीन वेळा जेवतात आणि कुणालाही त्रास देत नाहीत.

सेतुरावांच्या रुग्णांना नावं असतात. गोविंदसामी गोळी अर्धी करून घेतो. मुत्तुलक्ष्मी शेजारच्या लग्नात मैसूरपाक खाते आणि घरी येऊन दुप्पट गोळ्या घेते. पार्थसारथी डॉक्टरांकडे जायच्या आधी चार दिवस पथ्य पाळतात आणि तपासणी झाली की थेट बोंड्याच्या दुकानात शिरतात. हे सगळं सेतुराव समीकरणात बसवतात. एखादा रुग्ण रनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या चाचणीच्या एका फेरीत, दगावला, की खुर्ची मागे सरकवून म्हणतात, "अय्यो, गेला. किती सांगितलों ह्याला!"

सेतुराव तंजावरकडचे. त्यांचं मराठी माझ्या सातारी कानाला आधी जुन्या बखरीसारखं वाटायचं. उंच, वाकलेले, कपाळाला बारीक गंध, पँटला बेल्टऐवजी सुतळी. वेस्ट मांबलमला एकटेच राहतात.

आमच्याकडची दिव्या हुशार, थोडी फटकळ मुलगी. तिने एकदा विचारलं, "सार, तुमचे पेशंट इतके बेशिस्त का?"

"माणूस आहे की हो," सेतुराव म्हणाले.

"पण सांगितलेलं ऐकत का नाहीत?"

"तू तुझ्या अम्माचं ऐकतेस की?"

दिव्या हळूच म्हणाली, "माझी अम्मा समीकरण नाही ना, सार."

"तेंच म्हणतों मी!" सेतुराव टेबलावर थाप मारून हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

ही सगळी गंमत अंबुजाबाई येईपर्यंत होती.

एका कंपनीची नवी गोळी आमच्याकडे होती. माझे रुग्ण सगळे ठणठणीत. सेतुरावांचेही बहुतेक तगले. फक्त अंबुजाबाई प्रत्येक रनमध्ये दुपारच्या आत जायच्या. वय अठ्ठावन्न, राहणार वेस्ट मांबलम. मंगळवारी उपास, अगदी कडक. उपास आहे हे कुणाला सांगायचं नाही. आणि गोळी मात्र घ्यायची. पोटात काही नाही, वरून साखर उतरवणारं औषध. पडद्यावरची साखरेची रेघ सरळ खाली जायची.

"राव, उपास करणारी बाई गोळी तरी कशाला घेईल?" मी बैठकीत म्हणालो.

"घेईल."

"मग उपास आहे म्हणून सांगेल ना?"

"सांगणार नाहीं."

"अशी बाई नसते हो!"

सगळे हसले. सेतुरावांनी सुतळीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

कंपनीचं म्हणणं सोपं होतं. एक विचित्र रुग्ण वगळा आणि अहवाल पाठवा. अंबुजाबाई राहिल्या तर गोळीचा डोस पुन्हा ठरवावा लागणार, काम लांबणार, कंपनी दुसरी प्रयोगशाळा शोधणार. त्या कामावर दिव्याचं कंत्राट अवलंबून होतं. तिच्या घरी ती एकटी कमावणारी. मी मनाशी ठरवलं: बाईंना काढायचं. जी बाई जन्मालाच आली नाही, तिच्यासाठी एका जिवंत मुलीची नोकरी घालवायची का? आजही हा प्रश्न मला मूर्खपणाचा वाटत नाही. म्हणूनच तो सुटत नाही.

हे सेतुरावांना चारचौघांत सांगायला नको, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गेलो. ते आलेलेच होते. पडद्यावर अंबुजाबाईंची रेघ होती, आणि ती दुपार ओलांडून संध्याकाळकडे चालली होती. किंचित खाली, किंचित वर, सुखरूप.

"अरे, वाचल्या की!" मी ओरडलोच. मला आनंद झाला तो अंबुजाबाई वाचल्याचा नव्हता, माझी अडचण सुटल्याचा होता. "राव, हाच रन पाठवू या."

"हा खोटा आहे," सेतुराव म्हणाले. "दहा वाजतां एक केळं दिलोंय तिला."

मला काही कळलं नाही. त्यांनी मान वळवली नाही. पडद्याकडे बघतच बोलले.

"आमच्या घरच्या ह्या. माझी ग्रँट अडकली होती, तेव्हां मंगळवार धरल्या. मला सांगितल्या नाहींत. सांगितलं की पुण्य जातं म्हणे. गोळी रोज मीच काढून हातांत देत होतों. त्या दिवशींही दिलों. घेतल्या."

"पण... नको म्हणायचं ना त्यांनी."

"मी दिलों म्हणून घेतल्या. मी इकडे आलों. संध्याकाळीं घरीं गेलों, तर स्वयंपाकघरांत पडून होत्या."

बाहेर झाडलोट करणाऱ्या बाईची बादली वाजली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. "ग्रँटचं काय झालं?" असं विचारून बसलो.

"आली की. नंतर."

अहवालात अंबुजाबाई राहिल्या. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, कारण त्याची किंमत मी मोजली नाही. कंपनी गेली, दिव्याही गेली. ती आता शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. रस्त्यात भेटली की 'सार' म्हणते आणि लगेच फोन काढून त्यात बघत राहते.

पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलं.

"रोज करता हे?" मी विचारलं.

"रोज पहिला रन केळं घालून. संध्याकाळपर्यंत बघतों. एकदां देवळांत म्हणून, एकदां भाजी आणायला म्हणून, अशी बाहेर जाऊन येते ती. तेवढंही घातलोंय आंत. मग कामाला बसायचं."

पडद्यावर अंबुजाबाई संध्याकाळी सातपर्यंत आल्या होत्या. दिवे लावायची वेळ. सेतुरावांनी ती रेघ तशीच ठेवून जरा वेळ पाहिली. मग मागे जाऊन दहा वाजताची नोंद शोधली, आणि केळं काढून घेतलं.